तेलावरचा पंखा काढण्याआधी

पुणे

चि. ओंकार,

फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहितो. गॅरेजमधल्या पोरांनाही हे वाचून दाखव, कारण पाना शेवटी त्यांच्याच हातात असणार आहे.

तू सांगितलंस त्यावरून ती तापणारी ग्रँड चेरोकी गाडी 1999 ते 2004 या पिढीतली, 4.7 लिटरच्या व्ही-8 इंजिनाची आहे. त्या गाडीत रेडिएटरमागचा पंखा बेल्टवर फिरत नाही आणि करंटवरही फिरत नाही. स्टिअरिंगचा पंप तेल दाबतो, ते तेल पंख्याच्या मोटारीतून जातं आणि पुढे स्टिअरिंग बॉक्सकडं. पंखा किती जोरात फिरवायचा ते गाडीचा कॉम्प्युटर एका व्हॉल्वला हुकूम देऊन ठरवतो. टोयोटाच्या 1992 नंतरच्या काही व्ही-6 कॅमरीत आणि लेक्ससच्या काही गाड्यांतही असा पंखा होता. आपल्याकडं बोलेरो, सुमोवर हात बसलेल्या माणसाला तो नवा वाटणारच.

गाडीचे मालक म्हणतात, पंख्याची तशी मोटार मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही, तेव्हा इलेक्ट्रिक पंखा टाका. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण तो पंखा मेलाय हे तू आधी स्वतः ठरव. स्टिअरिंगच्या डब्यात तेल कमी असलं तरी तो मंदावतो. व्हॉल्वचा प्लग जळला असेल तरीही तसंच होतं. आणि ऊसपट्ट्यात फिरणारी गाडी आहे ही. अशोकनगरच्या कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्यांमागं हंगामभर चाललेल्या गाडीत एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत पाचटाचा भुगा आणि धूळ यांचा थर बसतो. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. दोन्ही सुटे करून, इंजिनाच्या बाजूनं, कमी दाबाच्या पाण्यानं धुऊन बघ. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकणही तपास. गाडी उभी असताना काटा चढतो आणि हायवेला लागली की उतरतो, असं असेल तर पंख्यावरचा संशय खरा. वेगातही चढत असेल तर दोष दुसरीकडं आहे आणि नवा पंखा टाकून मालकाचे पैसे वाया जातील.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. हा पंखा काढणं म्हणजे स्टिअरिंगच्या तेलाची वाट तोडणं. पंपाचं तोंड बंद करून ठेवायचं नाही. तेल जायला जागा राहिली नाही तर पंप आपल्याच दाबावर कण्हत राहतो, तेल करपतं आणि पंप जातो. मोटारीकडं जाणारी आणि तिथून स्टिअरिंगकडं जाणारी अशा दोन दाबाच्या नळ्या आहेत, त्या एकमेकींना जोडायच्या. पंख्याच्या मोटारीतून डब्याकडं येणारी परतीची नळी तेवढी डब्याजवळ बंद करायची. पंखाही फिरवायचा म्हणून तो पंप एकट्या स्टिअरिंगला लागतं त्याहून जास्त तेल ढकलतो. त्या जास्तीच्या तेलाचं काय करायचं, प्रवाह आवरणारा व्हॉल्व लावायचा की पंपच बदलायचा, हे नळी कापण्याआधी ठरव. मागून सुचलेला उपाय रस्त्यावर उपयोगी पडत नाही.

जोडणारा पाइप दोन वायरच्या जाळीचा, दाब छापलेला हायड्रॉलिक होजच हवा आणि दोन्ही टोकं मशिनवर क्रिंप केलेली हवीत. स्टिअरिंग पूर्ण वळवून धरलं की तिथं 100 बारच्या घरात दाब जातो. रबरी नळी आणि क्लिप ही जोडी दोन दिवस टिकेल, तिसऱ्या दिवशी फुटेल, आणि फुटेल ती नेमकी वळणावर. ट्रॅक्टर, जेसीबी, ऊसतोडणी यंत्र यांच्यामुळं आपल्या भागात होज क्रिंप करून देणारे आहेत, जुनी नळी नमुन्याला घेऊन जा. इंजिन तापून बिघडलं तर पैसे जातात. स्टिअरिंग अचानक जड झालं तर चंदनापुरीच्या घाटात माणसं जातात. म्हणून या कामात पंखा दुसरा आणि स्टिअरिंग पहिलं.

विजेचं थोडक्यात सांगतो. 13.5 व्होल्टवर 40 अँपिअर घेणारा पंखा 540 वॅट खातो. जुना तेलावरचा पंखा पूर्ण जोरात याच्या कितीतरी पट ताकद घेत होता. पण पंख्याचे फेरे निम्मे केले तर हवा निम्मी होते आणि ताकद मात्र आठव्या हिश्शावर येते. त्यामुळं कमी वॅटचा पंखाही ट्रॅफिकमध्ये भागवतो, अट एवढीच की काउल रेडिएटरची सगळी जाळी झाकणारा असावा आणि पंखा मागून हवा ओढणारा असावा. जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधायचा नाही, त्या जाळी घासून भोक पाडतात. दोन पंखे असतील तर प्रत्येकाला वेगळा रिले, वेगळा फ्यूज, 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि तेवढीच जाड अर्थिंग. फ्यूज बॅटरीजवळ. अल्टरनेटर आयडलला किती देतो ते टोंग टेस्टर लावून, एसी आणि हेडलाइट चालू ठेवून मोज.

एक फसगत सांगून ठेवतो. जुन्या व्हॉल्वची वायर मोकळी दिसते, तिला रिले जोडायचा मोह होईल. त्या वायरीतून करंट तुटक ठोक्यांनी येतो, त्यानं रिले थडथडतो आणि त्याचे पॉइंट जळतात. वेगळा टेंपरेचर स्विच लाव. त्या इंजिनाचा थर्मोस्टॅट 90 अंशांना उघडू लागतो, तेव्हा पंखा 97 च्या आसपास लागावा आणि 92 ला थांबावा. त्याहून खाली ठेवलास तर तो कधी थांबणारच नाही. एसीचा कॉम्प्रेसर लागला की पंखा लागलाच पाहिजे.

तपासणी सकाळच्या गारव्यात करू नकोस. दुपारी दोनला, एसी लावून, गाडी जागेवर अर्धा तास चालू ठेव. मे महिन्यात आपल्याकडं पारा 40 च्या वर जातो, तेव्हा टिकली तर काम झालं. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. एकदा उकळली की हेड वाकतं, म्हणून काटा लाल रेघेजवळ गेला की लगेच बंद कर आणि झाकणाला हात लावू नकोस.

मालकांना खरं सांग: गावात, ट्रॅफिकमध्ये हे चांगलं चालेल. मागं जड ट्रॉली ओढून माळशेज चढायचा असेल तर जुन्या पंख्याची ताकद यात नाही. त्यांनी ऐकून हो म्हटलं तरच नळी काप. वायरिंगचं चित्र काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेव, उद्या गाडी कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

होज क्रिंप करून आणलास की त्यावर छापलेल्या दाबाचा फोटो मला पाठव. तो बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नकोस.

तुझा,
मामा