सी ड्राइव्ह लाल झाली? आधी कॉपी, मग डिलीट

‘धिस पीसी’ उघडलं आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसली, की हात आधी डिलीटकडे जातो. थांबा. दुसरी प्रत झाल्याशिवाय एकही फोटो पुसू नका. ब्राह्मणपुरीत घरी बसून हे काम होतं. डिस्क आणायला तेवढं शहाद्याला जावं लागेल.

1 टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. भाव सारखे बदलतात, म्हणून निघण्याआधी दोन दुकानांत फोन करा आणि ‘हा दर जीएसटी धरून की वेगळा?’ हे स्पष्ट विचारा. 18 टक्के म्हणजे पाच हजारांवर नऊशे रुपये. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीला तोच लागतो. वॉरंटीत सहसा डिस्क बदलून मिळते, आतले फोटो नाही. 1 टीबीची डिस्क कॉम्प्युटरवर 931 जीबी दाखवते, त्यात फसवणूक नाही. पाचशे रुपयांत ‘2 टीबी पेनड्राइव्ह’ मात्र घेऊच नका. त्यात खरी जागा अगदी थोडी असते. ती भरली की पुढच्या फायली कॉपी झालेल्या दिसतात, पण उघडत नाहीत. लग्नाचा अल्बम असाच जातो.

कॉपी करताना लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा, वीज मध्येच गेली तरी काम तुटणार नाही. निळ्या यूएसबी पोर्टला डिस्क लावली तर 100 जीबी साधारण वीस मिनिटांत ते अर्ध्या तासात जातात. जुन्या काळ्या पोर्टला तासभर धरा. लहान-लहान फायली हजारोंनी असतील तर आणखी वेळ. नंतर डिस्कवरचेच दहा-बारा फोटो, एखादा व्हिडिओ उघडून बघा. उघडले तरच प्रत झाली असं समजा. डिस्क ‘इजेक्ट’ करून काढा आणि लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. बॅग हरवली तर दोन्ही जातील. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा मोटरसायकलच्या डिक्कीतही नको.

ऑनलाइन साठवण घ्यावी का? सगळ्यासाठी नको. गुगलचे 15 जीबी मोफत आहेत, पण त्यातच जीमेल, ड्राइव्ह, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप येतो. 100 जीबीला महिन्याला 130 किंवा वर्षाला 1300 रुपये. पहिल्या महिन्यांची सवलत संपली की ऑटो-पे पूर्ण रक्कम कापतो, ती तारीख लिहून ठेवा. रोज दीड जीबीचा रिचार्ज असेल तर 50 जीबी चढवायला चौतीस दिवस लागतील, तेही दुसरं काही न बघता. म्हणून फोटो डिस्कवर. आणि मार्कशीट, जातीचा दाखला, सातबारा, ऊस-पपईच्या हिशोबाच्या पावत्या यांची दुसरी प्रत मोफत ड्राइव्हवर. डिजिलॉकरमध्ये खात्याकडून आलेला दाखला मुळाइतकाच ग्राह्य धरला जातो. तुम्ही स्वतः स्कॅन करून टाकलेला नाही.

एक गोष्ट आजच तपासा. तुमचा जीमेल मोबाइल दुकानदाराने उघडून दिला होता का? मग पासवर्ड त्याला माहीत आणि रिकव्हरी नंबर त्याचा, असं असू शकतं. दोन्ही बदला. नाहीतर फोन बदलताच स्वतःच्या फोटोंना तुम्हीच मुकाल.

आता साफसफाई. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. तिथे ‘डाउनलोड्स’वर टिक असेल तर काढा, अर्ज आणि हॉल तिकिटं बहुतेकदा त्याच फोल्डरमध्ये पडलेली असतात. मग रिसायकल बिन रिकामा करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’मधून 5 एमबीहून मोठे व्हिडिओ आधी काढा. गुगल फोटोजमध्ये नेहमीचं डिलीट दाबलं तर फोटो फोनवरून आणि खात्यातूनही जातो. ट्रॅशमध्ये 60 दिवस सापडतो, नंतर नाही. फक्त फोन मोकळा करायचा तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा. वनड्राइव्हचंही तसंच: तो चालू असेल तर डेस्कटॉपवरून पुसलेली फाइल ऑनलाइनही पुसली जाते, आणि त्याचे मोफत 5 जीबी लवकर भरतात.

दुकानात ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणाले तर आधी विचारा: डेटा काढून ठेवायचे पैसे वेगळे का? विंडोज असली का? काम झाल्यावर तुमची प्रत त्यांच्या मशीनवरून पुसणार का? तिन्ही उत्तरं जॉब स्लिपवर लिहून घ्या. विंडोज 11 असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातली बिटलॉकर रिकव्हरी की कागदावर उतरवून मगच लॅपटॉप द्या. की नसेल तर दुरुस्तीनंतर तुमचाच डेटा कुलूपबंद राहू शकतो.

डिस्कमधून टक-टक आवाज आला तर ती लगेच बंद करा, पुन्हा लावून बघू नका. डेटा परत काढायला मोठ्या शहरात पाठवावी लागते आणि खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट होऊ शकतो. पाठवण्याआधी तपासणी फी, कुरिअर आणि ‘डेटा नाही मिळाला तर किती?’ हे लेखी घ्या. बिल नाकारलं किंवा ठरल्यापेक्षा जास्त उकळलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर लावा. तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत, फक्त पावती हाताशी ठेवा.