ट्रॉली स्वस्त, रूळ महाग

पालघर स्टेशनाजवळ रुळावरून फटफटत जाणारी मोटर ट्रॉली दिसली की शिरगावच्या पोरांचा प्रश्न ठरलेला: "बसायला किती पडतील?" कितीही दिलेत तरी बसता येणार नाही. ती रूळ तपासणाऱ्या इंजिनिअरची गाडी. नुसती बघायची असेल तर 10 रुपयांचं फलाट तिकीट काढा, ते दोन तास चालतं. रुळात उतरलात तर रेल्वे कायद्याचं कलम 147 आहेच: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही.

अमेरिकेत मोडीत निघालेल्या अशा ट्रॉल्या हौशी लोक विकत घेतात आणि परवानगी काढून चालवतात. तिथून मागवायचा विचार मात्र सोडा. तिथल्या दोन रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर, आपल्याकडे 1676.

उरली स्वतःची वाडी: तिथेच रूळ टाकून ट्रॉली चालवायची. सांगाडा, चार चाकं, छोटं इंजिन हे काम बोईसरच्या एमआयडीसीकडे फॅब्रिकेशनवाल्याला सांगता येईल. खिसा रिकामा करतं ते खाली अंथरायचं लोखंड. मोठ्या गाडीचा 52 किलोचा रूळ म्हणजे मीटरला 52 किलो. शंभर मीटरच्या वाटेला, दोन्ही बाजू धरून, 10,400 किलो. किलोला 40 रुपये धरू (हा फक्त हिशेबापुरता, त्या दिवशीचा भाव विचारून घ्या). झाले 4,16,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,90,880. स्लीपर, खडी, ट्रक, क्रेन वेगळे. दोन नातवंडं फिरवायला एवढं कशाला? माथेरानच्या गाडीसारखं 610 मिलिमीटरचं गेज ठेवा आणि मीटरला 15 किलोचा हलका रूळ घ्या. 3,000 किलोत भागतं, त्याच भावाने करासह 1,41,600.

भंगारवाला "रेल्वेचाच माल आहे, बिल कशाला?" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. रेल्वे जुना माल ई-लिलावाने विकते; त्या कागदांपर्यंत पोचणारं बिल हवं. चोरीचा रूळ वाडीत सापडला तर रेल्वे मालमत्तेच्या 1966 च्या कायद्याने पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वाडी किनाऱ्याला लागून असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांचं, आधी विचारून घ्या. खाऱ्या वाऱ्यात लोखंड लवकर गंजतं, तेव्हा दरवर्षीचा रंग आणि ग्रीस खर्चात धरा. आणि ब्रेकवर काटकसर नको. ओल्या रुळावर लोखंडी चाक घसरतं, आणि पोरं पहिल्याच फेरीला "जोरात!" म्हणून ओरडणार.