टाऊचं चुंबकत्व मोजायचं कसं?

प्रश्न : म्युऑन कणाला मोठ्या कड्यात फिरवून त्याचं चुंबकत्व मोजतात, असं वाचलं. त्याचा थोरला भाऊ टाऊ तर जन्मताच मरतो. मग त्याचं कसं मोजणार? — एक वाचक, सातारा

उत्तर : नेमकी अडचण हीच आहे. इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ हे तिन्ही लेप्टॉन म्हणजे इवलेसे चुंबक. चुंबकी क्षेत्रात ते भोवऱ्यासारखे डोलतात आणि त्या डोलण्यावरून चुंबकाची ताकद कळते. अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या १४ मीटर व्यासाच्या कड्यात २०२३ पर्यंत चाललेल्या प्रयोगात म्युऑन मरण्यापूर्वी सरासरी चारशेवर फेऱ्या मारत असे, म्हणून त्याचं डोलणं मोजता आलं. टाऊचं आयुष्य म्हणजे म्युऑनच्या आयुष्याचा सुमारे ७५ लाखावा भाग. फेरी राहू द्या, तो जेमतेम काही मिलिमीटर जाऊन फुटतो.

मग साक्ष काढायची प्रकाशाची. टाऊ फुटताना शंभरात दोनेक वेळा इलेक्ट्रॉन आणि दोन न्यूट्रिनोंसोबत एक फोटॉनही सुटतो. तो सुटतो मुख्यतः विद्युतभारापायी. पण टाऊमधला चुंबक त्याच्या ऊर्जेत आणि दिशेत किंचित ढवळाढवळ करतो. एकदोन फोटॉनांत ती कळत नाही, त्यासाठी ढीग लागतो. जपानमधल्या त्सुकुबाच्या ‘बेल’ प्रयोगात सुमारे ९० कोटी टाऊ-जोड्या जन्मल्या. आता ‘बेल-२’ त्यात भर घालतो आहे.

मरणासारखाच जन्मही बोलका असतो. युरोपातल्या एलएचसी या महाकाय त्वरकात दोन प्रोटॉन एकमेकांना चाटून गेले, की त्यांच्याभोवतीचे फोटॉन आपसांत भिडून क्वचित टाऊ-जोडी घडवतात. आजची सर्वांत नेमकी मोजणी याच वाटेनं झाली : २०२४ साली, एलएचसीवरच्या सीएमएस गटाकडून. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएसमध्येही आहे आणि ‘बेल-२’मध्येही.

एवढा खटाटोप कशाला? टाऊ म्युऑनच्या १७ पट जड. अनोळखी जड कण असतील, तर त्यांचा परिणाम बऱ्याच सिद्धांतांनुसार लेप्टॉनच्या वस्तुमानाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे म्युऑनमध्ये जी कुजबुज, ती टाऊमध्ये २८० पट मोठ्यानं ऐकू यावी.

फक्त काटा अजून जाडाभरडा आहे. साध्या हिशेबापेक्षा टाऊचा चुंबक ०.००११८ इतका जास्त भरावा, असं सिद्धांत सांगतो. या आधिक्याला एक तोळा म्हणा. २००४ साली युरोपातल्याच डेल्फी या जुन्या प्रयोगाच्या गटाच्या काट्यात चूक होती चौदा तोळ्यांची. सीएमएसच्या काट्यात ती तीनाच्या आत आली. ती तोळ्याच्याही खाली उतरेल, तेव्हा कुठे खरं वजन सुरू होईल.