एक ग्रह नाहीसा झाला तर?

गुरू आकाशात असण्याच्या दिवसांत कमरीपेठेतील कोणत्याही गच्चीवरून तो सहज ओळखू येतो. ताऱ्यासारखा तो लुकलुकत नाही. त्याचे तेज शांत असते. हा ग्रह एके क्षणी एकाएकी नाहीसा झाला, तर बाकीच्या सूर्यमालेचे काय होईल, याचा आपण विचार करू.

प्रथम म्हणजे, ही वार्ता आपल्याला लगेच कळणार नाही. गुरूचा प्रकाश येथवर येण्यास अंतराप्रमाणे ३३ ते ५४ मिनिटे लागतात. गुरुत्वाकर्षणातील बदलही प्रकाशाच्याच वेगाने पसरतो. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या लहरी २०१७ साली पृथ्वीवर पोचल्या, तेव्हा याचा प्रत्यय आला. म्हणजे तेवढा वेळ नसलेला गुरू दिसतही राहील आणि ओढतही राहील.

सर्वांत मोठा अनर्थ ओढवेल तो त्याच्या चंद्रांवर. गोफण सुटताच दगड ज्या दिशेने निघालेला असतो त्याच दिशेने जातो. त्याप्रमाणे १६१० साली गॅलिलिओने पाहिलेल्या चार मोठ्या चंद्रांपैकी काही सूर्यमालेबाहेर फेकले जातील, तर काही सूर्याभोवती लांबट कक्षेत फिरू लागतील.

मग आपली पृथ्वी? ती मात्र भरकटणार नाही. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट असले, तरी तो फार दूर आहे. जवळात जवळ असतानाही त्याची ओढ सूर्याच्या ओढीच्या पंधरा हजाराव्या भागाहून कमी असते. दिवस, रात्र व ऋतू पूर्ववत चालतील. परंतु अल्प ओढही लक्षावधी वर्षे लागू राहिली म्हणजे काम करते. गुरू व शुक्र यांच्यामुळे पृथ्वीची कक्षा सुमारे ४ लक्ष ५ हजार वर्षांच्या आवर्तनाने कमीअधिक लांबट होते, व त्याचा परिणाम हवामानावर होतो. गुरू गेल्यास हे आवर्तन मोडेल.

एकाच्या जाण्याने इतरांची चाल बदलते, हे खरे. मग इतरांच्या चालीवरून न दिसलेल्याचा शोधही लागला पाहिजे. तसा तो लागलाही. युरेनसच्या चालीतील तफावतीवरून लव्हेरिए याने गणित केले, आणि १८४६ साली बर्लिन येथे नेपच्यून सापडला.

त्याच्याही पलीकडे काय असेल, याचा विचार आपल्याच भागात जन्मलेल्या एका शिक्षकाने केला. नरगुंद येथे १८५४ साली जन्मलेले ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ साली फ्रेंच ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत दोन अज्ञात ग्रह वर्तविले व त्यांना ब्रह्मा आणि विष्णु अशी नावे दिली. गुरूच्या चंद्रांच्या भ्रमणकाळांत लाप्लासला जो प्रमाणबद्ध संबंध आढळला होता, तोच त्यांनी दूरच्या ग्रहांना लावून पाहिला. ब्रह्म्याचा भ्रमणकाळ त्यांनी सुमारे २४२ वर्षे काढला. १९३० साली प्लूटो सापडला. त्याचा भ्रमणकाळ २४८ वर्षे! त्याच वर्षी केतकर निवर्तले.

येथे सत्य सांगणे अवश्य आहे. केतकरांचे उत्तर जवळचे आले, तरी त्यांनी धरलेला संबंध त्या ग्रहांना तंतोतंत लागू पडत नाही, आणि विष्णु आजवर सापडलेला नाही. तथापि दुर्बिणीने न दिसणारे गणिताने शोधू पाहणाऱ्या या बुद्धीचा आम्हांस अभिमान वाटतो.

पुढे २००६ साली प्लूटोचे नाव ग्रहांच्या यादीतून वगळण्यात आले. एक ग्रह खरोखरच 'नाहीसा' झाला! परंतु आकाशात काहीही हलले नाही. कारण यादीतून नाव गेले, वस्तुमान गेले नाही. सूर्यमालेस नावे ठाऊक नाहीत. तिला ठाऊक आहे ती ओढ. आज रात्री आकाश निरभ्र असेल व गुरू उगवलेला असेल, तर त्याला अवश्य पाहा. तोही आपल्याला ओढीतच असतो.