नाही म्हणणारं माणूस दारात नसतं

आशाताई म्हणून कोविडच्या लसीसाठी घरोघर फिरताना एक गोष्ट पक्की कळली. दारात जे कारण सांगतात ते बहुतेकदा खरं नसतं.

३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयाच्या मुलांना कोव्हॅक्सिन द्यायला सुरुवात झाली. वस्तीतली एक आई म्हणाली, "ताई, परीक्षा होऊ दे." संध्याकाळी वडील भेटले, ते म्हणाले, "म्हातारी नको म्हणते." म्हातारीने मोबाइलवर ऐकलं होतं की लस घेतली की पोरीला पुढे मूल होत नाही. घरभर तीच धास्ती, पण मला कुणी सांगेना. आजींजवळ बसले आणि सांगितलं, यातला विषाणू मेलेला असतो, अंगात वाढत नाही, गर्भपिशवीशी त्याचा संबंध नाही. दीड महिन्याच्या बाळाला पोलिओचं इंजेक्शन देतो, तेही मेलेल्या विषाणूचंच. "मग आधी का नाही बोललीस?" असं मलाच ऐकावं लागलं!

शेजारच्या गल्लीत वेगळंच घडलं. तिथे कुणीतरी "काही होत नाही" असं सांगून मोकळं झालं. रात्री पोराला ताप भरला. वडिलांनी २८ दिवसांनंतरचा दुसरा डोस तर नाकारलाच, घरातल्या म्हाताऱ्यांचाही थांबवला. म्हणून आधीच सांगावं: हात दुखेल, एक-दोन दिवस कणकण येईल, पॅरासिटॅमॉल चालेल. अंगावर गांधी उठल्या, दम लागला तर लगेच सांगा. अर्धा तास बसवून ठेवतात ते त्यासाठीच. आईबापांनीही मुलाला कशाची अ‍ॅलर्जी असेल तर टोचण्याआधी बोलावं.

कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर २०२१ मध्येच चार ते सहा आठवड्यांवरून सहा ते आठ आणि मग बारा ते सोळा झालं. "लस कमी पडली म्हणून वाढवलं का?" असं लोक विचारत. प्रश्न वेडगळ नव्हता. अशा वेळी हुशारी दाखवू नये. आजार नवा आहे, जसजसं कळतंय तसतसं बदलतंय, एवढं सरळ सांगितलं की माणूस निदान पुढचं ऐकतो.

रेशन बंद होईल, दाखला मिळणार नाही, असा धाक मात्र कधीच घालू नका. धाकाने आलेली माणसं दुसऱ्या डोसच्या दिवशी शेतात निघून जातात. त्यापेक्षा पुढच्या सत्राची तारीख आणि जागा कागदावर लिहून द्यावी, आणि आठवड्याने पुन्हा जावं, शक्यतो म्हातारी घरात असेल तेव्हा.