घरबसल्या नर्सिंग करता येते का?

प्रश्न : मी कला शाखेतून बारावी आहे. इमर्जन्सी टेक्निशियनचा कोर्स करून पाच वर्षे रुग्णवाहिकेवर काम करतो. एक एजंट म्हणतो, अनुभव धरून वर्षभरात दूरशिक्षणाने जीएनएम होईल, नोंदणीही मिळेल. पैसे भरू का?
– एक वाचक, एटापल्ली

उत्तर : नाही, एक रुपयाही देऊ नका. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. रुग्णवाहिकेवरच्या अनुभवाने त्यातले वर्ष कमी होत नाही. सलाइनची गती मोजणे, बाळंतिणीचा रक्तस्राव वेळीच ओळखणे हे वॉर्डातच, शिक्षकांच्या नजरेखाली शिकावे लागते. गोंधळ बहुधा इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगमुळे होतो. तो अभ्यासक्रम आधीच नोंदणी झालेल्या परिचारिका-परिचारकांसाठी आखलेला आहे.

तुमची वाट मात्र बंद नाही. जीएनएमला कला शाखा चालते, पुरुषांनाही प्रवेश मिळतो. बारावीत इंग्रजी आणि किमान ४० टक्के गुण हवेत. बीएस्सी नर्सिंगला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागते. वयाची अट असते, म्हणून उशीर करू नका. अनुसूचित जमातीचे असाल तर जात वैधता प्रमाणपत्रासाठी गडचिरोलीच्या तपासणी समितीकडे आताच अर्ज करा. प्रवेशाच्या वेळी धावपळ नको. तीन वर्षे पगार नसेल, तेव्हा घरच्यांशी बोलून शिष्यवृत्तीची चौकशीही करा.

संस्थेला भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची मान्यता आहे का, हे स्वतः तपासल्याशिवाय मूळ कागदपत्रे कुणाच्याही हाती देऊ नका.