ताण्याखालची वाट

प्रस्तावना

मराठी बोलणारी माणसे केवळ महाराष्ट्रातच राहतात असे नाही. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी इ. स. १६७६ च्या सुमारास तंजावर येथे मराठ्यांचे राज्य स्थापन केले. ते १८५५ पर्यंत टिकले. या काळात कावेरीच्या खोऱ्यात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आणि राज्य गेल्यानंतरही तेथेच राहिली. त्रावणकोर, इंदूर व बडोदा या संस्थानांचे दिवाण म्हणून कीर्ती मिळवणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथील अशाच एका मराठी कुटुंबात झाला होता.

प्रस्तुत पाठ मात्र दिवाणांचा नव्हे. कुंभकोणमपासून पाच-सहा किलोमीटरवर असलेल्या तिरुनागेश्वरम् या गावातील विणकरांच्या एका गल्लीच्या या आठवणी आहेत. लेखिकेचे बालपण तेथे गेले. पाठ वाचताना गल्लीतील दुकाने कोणाच्या मजुरीवर चालत होती आणि ती मजुरी हाती येईपर्यंत घरे कशावर चालत होती, याकडे लक्ष द्या.

मूळ पाठ

आमच्या गावात दोन मोठी देवळे. एक नागनाथस्वामींचे. तेथे राहूचे स्थान असल्यामुळे राहुकाळात दुधाचा अभिषेक करायला लांबलांबहून लोक येत. दुसरे उप्पिलियप्पन यांचे. या देवाच्या नैवेद्यात मीठ घालत नाहीत. भूदेवी मार्कंडेय ऋषींची कन्या म्हणून वाढली. ती वयाने इतकी लहान होती की स्वयंपाकात मीठ किती घालावे हेही तिला ठाऊक नव्हते. तेव्हा विष्णूने अळणी अन्न आनंदाने स्वीकारून तिच्याशी विवाह केला, अशी कथा आहे. यात्रेकरू ही दोन देवळे पाहत आणि परत जात. आमच्या गल्लीत येण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते.

गल्ली सरळ आणि लांब होती. घरे भिंतीला भिंत लागून, प्रत्येक घरापुढे ओटा. ओट्यामागच्या खोलीत जमिनीत खड्डा करून हातमाग बसवलेला असे. विणकर खड्ड्यात पाय सोडून जमिनीच्या पातळीवर बसे. त्यामुळे दारातून पाहणाऱ्याला तो कमरेपासून वरचाच दिसे. सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत गल्लीच्या दोन्ही बाजूंनी खट्-खट् असा आवाज चाले. तो थांबला तरच आम्हाला काहीतरी वेगळे वाटे.

माझे वडील कुंभकोणमला एका कचेरीत कारकून होते. भाडे परवडणारे होते म्हणून आम्ही या गल्लीत राहत होतो. घरात मराठी, शाळेत तमिळ आणि शेजारी तिसरीच भाषा! आमचे बहुतेक शेजारी सौराष्ट्री विणकर. त्यांचे पूर्वज फार पूर्वी गुजरातेतून दक्षिणेत आले, असे ते सांगत. त्यांच्या बोलण्यातले निम्मे तरी शब्द मला न शिकवता समजत. पाण्याला ते आमच्यासारखेच ‘पाणी’ म्हणत. माझी आजी ओट्यावर बसून शेजारच्या म्हाताऱ्या आजीबाईंशी तासन्‌तास बोले. ही आपल्या भाषेत, त्या त्यांच्या भाषेत. आणि अडलेच तर तमिळ होतेच. मोठेपणी मी मराठी भाषेत एम. ए. केले, भाषाविज्ञानाचे ग्रंथ वाचले. पण भाषांचे नातेगोते मी पहिल्यांदा ऐकले ते त्या ओट्यावर.

गल्लीच्या तोंडाशी ‘मळिगै कडै’, म्हणजे वाणसामानाचे दुकान होते. दुकानदाराला सारे ‘अण्णाच्ची’ म्हणत. तांदूळ, तूरडाळ, चिंच, मिरच्या, गूळ, घासलेट असे सारे त्या आठ-दहा फुटांच्या जागेत मावले होते. जिन्नस वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून वर सुती दोरा गुंडाळताना अण्णाच्चींचा हात इतका जलद फिरे की गाठ केव्हा बसली ते दिसत नसे. मिठाचे पोते मात्र दुकानाबाहेर, पायरीजवळ. रात्री फळ्या लावून दुकान बंद झाले तरी ते बाहेरच राही. मीठ कोणी चोरत नाही, असा त्या भागातला समज होता. ज्या गावचा देव अळणी जेवतो त्या गावात मिठाला कोण हात लावणार, असे आजी हसून म्हणे.

पुढे कॉफीचे दुकान. तेथे लोखंडी पिंपात बिया भाजल्या जात आणि समोरच दळून मिळत. “चिकोरी किती घालू?” या प्रश्नाला गिऱ्हाईक जे उत्तर देई त्यावरून त्याच्या घरची स्थिती कळे. महिन्याच्या आरंभी आम्ही कमी सांगत असू, अखेरीस जास्त. त्यालगत विडीकाडीची टपरी होती. तिथे ओल्या फडक्यात गुंडाळलेली खाऊची पाने आणि गोळीच्या सोड्याच्या बाटल्या मिळत. कल्हईवाला वर्षातून दोनदा येई आणि चिंचेच्या झाडाखाली भाता लावून बसे. त्याच्या नवसागराच्या धुराने आमचे डोळे झोंबत. तरी पितळी भांड्यात चांदीसारखा प्रकाश पसरताना पाहायला आम्ही पोरे तेथून हलत नसू. आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, जेथून कुंभकोणमचा रस्ता लागे तेथे, गहाणाचे दुकान. लहान मुलांना तेथे कोणी पाठवत नसे.

या दुकानांचे गणित मला फार उशिरा समजले. साडी विणणारा साडीचा मालक नव्हता. मोठा व्यापारी त्याला रेशीम आणि जर वजन करून देई. रेशीम कर्नाटकातून येई, जर सुरतेहून. साडी विणून झाली की ती पुन्हा तराजूत पडे; वजनात तूट आली तर मजुरीतून कापली जाई. एका साडीला दहा-पंधरा दिवस लागत आणि मजुरी साडी दिल्यावरच मिळे. मधले दिवस अण्णाच्चींच्या वहीवर निघत. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, तमिळ घरांत लग्ने होत नाहीत. साड्यांना उठाव नसला की व्यापारी रेशीम देताना हात आखडता घेई. त्यानंतर ऐप्पसी-कार्तिगै हे पावसाचे महिने. तिकडे मोठा पाऊस दिवाळीच्या आगेमागे पडतो. मागाच्या खड्ड्यात ओल झिरपे आणि विणकाम बंद पडे. संक्रांतीनंतर तै महिन्यात लग्नसराई सुरू झाली की पैसा येई आणि वहीतली पाने खोडली जात. पावसाळ्यात अण्णाच्चींनाही कुंभकोणमच्या घाऊक व्यापाऱ्याकडे उधारी मागावी लागे, हे कोणाच्या ध्यानात येत नसे. १९८० साली कुंभकोणमला बारा वर्षांनी येणारा महामहम उत्सव भरला तेव्हा सोड्याच्या बाटल्या आणि पाने भरपूर खपली. मागावर मात्र त्याचा काही परिणाम झाला नाही.

आता त्या सकाळविषयी सांगायला हवे.

रेशमाचा ताणा मागावर चढवण्यापूर्वी तो पूर्ण लांबीने ताणून, खळ लावून, धागा न् धागा मोकळा करावा लागतो. इतकी लांब जागा कोणाच्या घरात असणार? म्हणून हे काम भर गल्लीत होई. पहाटे, ऊन चढण्याआधी, दोन टोकांना खुंट्या ठोकून ताणा पसरला जाई. तमिळमध्ये ताण्याला ‘पावु’ म्हणतात. मराठीत या कामाला ‘पाजणी’ असा शब्द आहे, हे मला शब्दकोशात पाहून कळले. कंबरेच्या उंचीवर रेशमाचे हजारो धागे, त्यावर पहिला प्रकाश, आणि दोन्ही बाजूंनी वाकून काम करणारी पाच-सहा माणसे. त्या वेळी गल्ली ओलांडायची तर ताण्याखालून वाकून जायचे. आम्हा मुलांना ते चालण्याइतकेच सवयीचे होते.

महामहमच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी दहा वर्षांची होते. ऐप्पसी लागायला थोडेच दिवस उरले होते, त्यामुळे पावसाआधी ताणा चढवून घेण्याची प्रत्येक घराला घाई होती. मी समोरच्या घरून दूध घेऊन येत होते. नेहमीसारखी वाकले, पण हातातल्या पितळी बरणीची कडी वर उभी राहिली आहे, हे मी पाहिले नाही. काहीतरी अडकले असे वाटून मी हात ओढला. मोठा आवाज झाला नाही. पाऊस थांबल्यावर पागोळ्यांचे शेवटचे थेंब पडावेत तसे धागे एकामागून एक तुटले.

कोणी ओरडले नाही. ताणा शेजारच्या मामांचा होता. त्यांनी काम थांबवले, माझ्या हातातली बरणी अलगद सोडवली आणि म्हणाले, “जा, दूध सांडेल.” त्यांच्या आई, म्हणजे आजीच्या मैत्रीण, राखेची वाटी घेऊन बसल्या. बोटाला राख लावून तुटलेली दोन टोके पिळायची की धागा सांधला जातो. मी ओट्यावरून मोजत होते. शंभराच्या पुढे माझा हिशेब चुकला. तुटलेले तुकडेही त्यांनी वेचून पदरात ठेवले; वजनात तेही धरायचे असत. तोवर ऊन चढले, खळ वाळू लागली आणि ताणा गुंडाळून आत न्यावा लागला. उरलेले काम दुसऱ्या दिवशी करायचे ठरले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस सुरू झाला.

तो दिवाळी उलटून गेली तरी थांबला नाही. वडील पैसे घेऊन शेजारी गेले होते. मामांनी ते घेतले नाहीत. “पोर आहे. तुमच्या पोरीऐवजी माझ्या पोराने तोडले असते तर?” एवढेच म्हणाले. मला अण्णाच्चींकडे पाठवले की मी त्यांच्या वहीकडे चोरून पाही. मामांच्या नावाचे पान भरले होते आणि पुढचे सुरू झाले होते. एके दिवशी मामी केवळ मीठ मागायला आल्या. अण्णाच्चींनी पोत्यातून ओंजळभर मीठ काढून दिले आणि वही उघडलीच नाही. मिठाचा हिशेब ते कोणाच्याच पानावर लिहीत नसत.

मामांचा मुलगा माझ्या वर्गात होता. गणितात तो माझ्या पुढे असे. काठाचा रंग अंगाहून वेगळा असलेली साडी विणताना मागावर दुसरा माणूस लागतो. तो एका बाजूने काठाचा धोटा फेकतो. त्या कामासाठी मामांनी पलीकडच्या गल्लीतला एक पोरगा मजुरीने ठेवला होता. पाऊस संपून माग सुरू झाला तेव्हा त्या पोराच्या जागी त्यांचा स्वतःचा मुलगा बसला. शाळेत त्याचे नाव काही महिने पटावर राहिले. गुरुजी हजेरीत ते उच्चारत, क्षणभर थांबत आणि पुढचे नाव घेत.

आता मला समजते की त्या मागे जुने कर्ज होते. व्यापाऱ्याकडून घेतलेली आगाऊ रक्कम मामांच्या वडिलांच्या काळापासून चालत आली होती. गल्लीतल्या आणखी तीन-चार मुलांची शाळा अशीच सुटली, आणि त्यांच्या ताण्याला मी हातही लावला नव्हता. तरी हजेरीतला तो थांबा माझ्या कानांतून गेला नाही.

शेजारच्या तिरुभुवनमच्या रेशमी साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली आणि पुष्कळ वर्षांनी मी गावी गेले. अण्णाच्चींच्या जागी भ्रमणध्वनीचे दुकान झाले होते. काही ओटे पाडून तेथे वाहने उभी केली होती. खट्-खट् आवाज होता, पण तो चार-पाच घरांतूनच येत होता. मी मुद्दाम पहाटे गेले होते. गल्लीच्या मध्यभागी एकच ताणा पसरलेला होता आणि त्यावर वाकलेला, केस पांढरे झालेला माणूस माझ्या वर्गातला होता. त्याने मला लगेच ओळखले. आपली मुलगी कुंभकोणमच्या महाविद्यालयात गणित शिकते, हे त्याने हात न थांबवता सांगितले.

मला पलीकडे जायचे होते. मी खांद्यावरची पिशवी काढून छातीशी धरली आणि वाकले. गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नाहीत. त्याने आपल्या बाजूने ताणा दोन बोटांनी वीतभर उचलून धरला. “अजून खाली,” तो त्याच्या भाषेत म्हणाला, “कडी सांभाळ.”

स्वाध्याय

१. विणकराची मजुरी आणि वाण्याची वही यांचा परस्परसंबंध पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. आडी, ऐप्पसी आणि तै या महिन्यांत गल्लीतील व्यवहार कसे बदलत? कारणे द्या.

३. “तरी हजेरीतला तो थांबा माझ्या कानांतून गेला नाही.” या वाक्यातून लेखिकेची कोणती मनःस्थिती व्यक्त होते? आपल्या शब्दांत लिहा.

४. मामांनी पैसे का घेतले नसावेत? आपले मत लिहा.

५. ताणा, धोटा, खळ, पाजणी हे विणकामाशी संबंधित शब्द आहेत. आपल्या घरी किंवा परिसरात चालणाऱ्या एखाद्या व्यवसायातील असे दहा शब्द वडीलधाऱ्यांना विचारून लिहा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

६. आपण लहानपणी ज्या दुकानात जात होता त्या दुकानाविषयी दहा ते बारा ओळी लिहा. तेथे उधारी कशी चाले, हे आठवत असल्यास अवश्य लिहा.